वयात आलेलं पिल्लू: सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत काय करायचं

चार महिन्यांचं असताना ‘बस’ म्हटलं की टुपकन बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात तुमच्याकडे बघतं, ऐकतं आणि निवांतपणे कुंडीतली माती हुंगायला जातं. हाक मारली तर उलट्या दिशेने पळतं. शेजारचे काका सांगतात, ‘डोक्यावर बसलाय, दोन रट्टे द्या.’ सासूबाई म्हणतात, ‘लाडावलंय.’ खरं तर कुत्रं वयात आलेलं असतं. लहान जातींमध्ये हा काळ पाच-सहा महिन्यांपासून सुरू होऊन वर्षभरात आटोपतो. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या कुत्र्यांत तो दीड-दोन वर्षांपर्यंत रेंगाळतो. आपली देशी कुत्री साधारण या दोहोंच्या मध्ये येतात.

ऐकेनासं होणं हा तुमचा भास नाही. 2020 साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचं असताना ‘बस’ चटकन ऐकणारं पिल्लू आठ महिन्यांचं झाल्यावर स्वतःच्या सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होतं, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होतं. म्हणजे शिकलेलं ते विसरलेलं नव्हतं, घरच्यांशीच त्याचं तेवढ्यापुरतं वाकडं होतं. पुढे हे निवळलंही.

म्हणून या काळात ‘ऐकायला लावणं’ हे पहिलं काम नाही. त्याला चुकीच्या गोष्टींचा सराव होऊ न देणं हे पहिलं काम आहे. चप्पल चावण्यात मजा आहे हे कुत्र्याला एकदा कळलं की शंभर वेळा ‘नाही’ म्हणून फरक पडत नाही. चप्पल दिसलीच नाही, तर ‘नाही’ म्हणायची वेळच येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत, त्यामुळे क्रम शक्यतो बदलू नका.

पायरी 1: आधी डॉक्टर

वागणं अचानक बदललं असेल, म्हणजे काल हात लावू देणारं पिल्लू आज कानाला हात लावल्यावर गुरगुरत असेल, तर प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्याकडे जा. कान पिकलेला असतो, गोचीड चिकटलेली असते, जिना चढताना कंबर दुखत असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीडतापाचे रुग्ण वाढतात. त्यात कुत्रं मलूल आणि चिडचिडं होतं, खाणं टाकतं. ‘आळशी झालाय’ म्हणत आठवडा घालवू नका, रक्त तपासून घ्या. दातही दाखवा. 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येण्याचं काम साधारण सात महिन्यांपर्यंत संपायला हवं. सुळ्याशेजारी दुधाचा सुळा अडकून राहिला असेल तर तो काढावा लागतो. रेबीजची आणि बाकीची लस वेळेवर झाली आहे ना, हेही याच फेरीत बघून घ्या.

पायरी 2: घर पुन्हा लहान करा

पिल्लू चार महिन्यांचं होतं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराला फळी लावली होती. मग ते शहाणं झालं म्हणून फळी काढली. ती परत लावा. लहान बाळांसाठी मिळणारं जाळीचं फाटक असेल तर उत्तम, पण उंच लावा. लॅबचं आठ महिन्यांचं पोर दोन फुटांचं फाटक सहज ओलांडतं.

घरभर एक फेरी मारा, तीही कुत्र्याच्या उंचीवरून. आता ते ओट्यावर पाय टेकवून उभं राहू शकतं, म्हणजे ओट्याच्या कडेला ठेवलेली पोळ्यांची चळत, कणकेचा गोळा, तेलाची पिशवी, सगळं त्याच्या टप्प्यात आलं. कच्च्या आंबवलेल्या पिठाकडे विशेष लक्ष ठेवा, ते पोटात जाऊन फुगतं. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा-लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल या गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत. शिऱ्यातल्या मनुका आपल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. चपलांचं कपाट बंद होणारं हवं. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि ओट्याखालच्या दाराआड. चार्जरच्या वायरी वर उचलून ठेवा.

घरकामाला येणाऱ्या मावशींना, आजी-आजोबांना, मुलांना हे बदल सांगून ठेवा. एकाने दार उघडं टाकलं की बाकीच्यांची मेहनत वाया जाते. घरातला सगळ्यात अवघड विद्यार्थी बहुतेक वेळा चार पायांचा नसतो.

तुमचं लक्ष नसेल तेव्हा कुत्र्याला एक ठरलेली जागा द्या. जाळीचा पिंजरा असेल तर त्यात नीट उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे. पिंजऱ्यात जेवण आणि चघळायची वस्तू मिळते, शिक्षा कधीच नाही. पिंजरा नको असेल तर एखाद्या खोलीचा कोपरा चालेल. बाल्कनीत दिवसभर बांधून ठेवू नका. खालून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरवर भुंकण्याचा आठ तासांचा सराव तुम्ही स्वतःच करवून घेता, आणि मेमधल्या दुपारी उष्माघाताचा धोका आहे तो वेगळाच.

पायरी 3: झोप

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जी दौड सुरू होते, सोफ्यावरून उड्या, पॅन्टचे पाय ओढणं, ती पुष्कळदा उरलेल्या ताकदीपेक्षा न झालेल्या झोपेची असते. या वयाच्या कुत्र्याला दिवसाला पंधरा-सोळा तास झोप लागते. दुपारी दोन तास खोली अंधारी करून, पंखा लावून, मुलांना बाहेर काढून त्याला झोपू द्या. ‘आणखी पळवून दमवू’ या नादात कुत्र्याचा दम तेवढा वाढत जातो.

मोठ्या जातीच्या पोरांना तर पळवूच नका. हाडांची वाढ बारा ते अठरा महिने चालू असते. सायकलीबरोबर धावणं, जिन्याच्या शर्यती, उंचावरून उड्या या गोष्टी तोवर थांबल्या पाहिजेत.

पायरी 4: चावायला आणि हुंगायला काहीतरी द्या

चावणं बंद होणार नाही, फक्त कशावर चावायचं ते तुम्ही ठरवू शकता. रबराचं पोकळ खेळणं दही-भात किंवा उकडलेल्या रताळ्याने भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धा तास तरी शांतता मिळते. हिमालयाकडचं छुर्पी चीज आता गावोगावच्या दुकानांत मिळतं, पण शेवटचा छोटा तुकडा गिळण्याआधी काढून घ्या. शिजवलेली हाडं मात्र नकोत. ती फुटून टोकदार होतात. कोंबडीचं उरलेलं हाड ‘प्रेमाने’ टाकणारे पाहुणे यात मोडतात, त्यांना आधीच सांगा.

रोजच्या जेवणातलं एक जेवण भांड्यात देऊच नका. जुन्या सुती ओढणीत दाणे गुंडाळून सैल गाठी मारा. गोणपाटावर पसरून शोधायला लावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे घालून त्यात लपवा. तो पुठ्ठा फाडेल, फाडू द्या, फक्त गिळत नाही ना ते बघा. दहा मिनिटं नाक लावून शोधलेलं कुत्रं अर्धा तास चेंडूमागे धावलेल्या कुत्र्यापेक्षा शांत दिसतं, हा माझा पाहिलेला अनुभव आहे.

पायरी 5: शब्द पहिलीपासून पुन्हा शिकवा

आधी घरातल्यांची बैठक घ्या. आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो, आजी ‘खाली बस रे माझ्या राजा’ म्हणते, आणि बाबा काही न म्हणता पाठीवर दाब देतात. एक शब्द ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा. सुरुवातीला पाच पुरेत: बस, ये, सोड, थांब, जागेवर.

मग हे नियम:

शब्द एकदाच उच्चारायचा. ‘बस, बस, बस ना, अरे बस’ म्हटल्यावर चौथ्यांदा बसलेलं कुत्रं चौथ्या ‘बस’ची वाट पाहायला शिकलेलं असतं. एकदा म्हणा, तीन सेकंद थांबा. नाही बसलं तर दोन पावलं मागे जा, सोपं करा, खाऊ नाकाजवळून वर न्या आणि बसल्याबरोबर द्या.

एका बैठकीला तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच बैठका. दूध तापेपर्यंतचा वेळ पुरतो.

खाऊची किंमत जागेनुसार वाढवा. स्वयंपाकघरात रोजच्या जेवणातले दाणे चालतात. जिन्यात पनीरचा नखाएवढा तुकडा लागतो. समोर मांजर बसलेलं मैदान असेल तर उकडलेलं, बिनमिठाचं चिकन. पाच महिन्यांचं असताना नुसत्या कौतुकावर काम व्हायचं, आता बाहेरचं जग तुमच्याशी स्पर्धा करतंय, तेव्हा पगारवाढ द्यावी लागेल. खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर वर्षाअखेर गोलमटोल कुत्रं हातात येईल. ग्लुकोज बिस्किटं सोडून द्या. साखर आणि मैद्याने ना पोट भरत ना काही शिकून होत.

जेवण मागण्यासाठी भुंकत असेल आणि तुम्ही लक्ष द्यायचं थांबवलं, तर पहिले काही दिवस भुंकणं *वाढतं*. इथेच बहुतेक घरं हार मानतात आणि नेमकं सगळ्यात मोठ्या भुंकण्याला जेवण मिळतं. दुर्लक्ष करायचं ठरवलं असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि गप्प झाल्यावर दोन सेकंदांच्या आत भांडं ठेवा.

मारू नका. हे भावनेपोटी सांगत नाहीये. मार खाल्लेलं कुत्रं चप्पल चावणं सोडत नाही, तुमच्यासमोर चावणं सोडतं. शिवाय गुरगुरल्यावर मारलं तर ते गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी सरळ चावतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात. काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी, विजेचा झटका देणारा पट्टा घेऊन येणाऱ्या प्रशिक्षकाला चहा पाजून परत पाठवा.

पायरी 6: दोरी

या वयात कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही. ‘आमचा कुठे जात नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा पहिल्यांदा हरवण्याच्या आदल्या आठवड्यात ऐकू येतं.

छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घ्या. मानेतल्या पट्ट्यावर ओळखपत्र आणि फोन नंबर राहू द्या, पण दोरी हार्नेसला लावा. रोजच्या फिरण्याला दीड-दोन मीटरची दोरी, ‘ये’च्या सरावाला दहा मीटरची. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी रहदारीच्या रस्त्यावर वापरू नका.

ओढायला लागलं की थांबा. पुतळा व्हा. दोरी सैल झाली की चाला. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतील आणि वॉचमन हसेल. हसू द्या. ऑफिसची घाई असेल त्या दिवशी हा धडा घेऊ नका, कारण घाईत तुम्ही ओढू द्याल आणि कुत्रं नेमकं तेच लक्षात ठेवेल. त्या दिवशी पार्किंगच्या मागे शू-शी उरकून वर या.

‘ये’साठी पहाटेचं रिकामं मैदान किंवा मोकळा प्लॉट बघा. लांब दोरी जमिनीवर सरपटू द्या, हातमोजा घाला, कारण नायलॉनने तळहात भाजतो. कुत्रं चार पावलांवर असताना ‘ये’ म्हणा आणि स्वतः उलटे पळा. आलं की एकामागून एक पाच तुकडे द्या आणि *परत सोडा*. हे परत सोडणं सगळ्यात महत्त्वाचं. ‘ये’ म्हटल्यावर दर वेळी दोरी लागत असेल आणि घरी जावं लागत असेल, तर शहाणं कुत्रं येणार नाही. आंघोळ, औषध, रागावणं यासाठी ‘ये’ कधीही वापरायचं नाही, जाऊन घेऊन यायचं.

लातूर-सोलापूर पट्ट्यातला कारवानी, मुधोळ किंवा तशा रक्ताचं कुत्रं तुमच्याकडे असेल तर एक वेगळी सूचना. ही नजरेने शिकार करणारी कुत्री आहेत. समोरून काही पळालं की त्यांच्या कानांपर्यंत तुमचा आवाज पोचत नाही. त्यात शिस्त मोडण्याचा भाग नाही, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच जोपासलं आहे. त्यांना फक्त भिंत असलेल्या जागेत सोडा, वय कितीही होऊ दे.

आता गल्लीतली कुत्री. चार महिन्यांच्या पिल्लाला मोठी कुत्री बरंच माफ करतात. आठ महिन्यांच्या नराला करत नाहीत, आणि तो मात्र पूर्वीसारखाच तोंडावर उडी मारायला जातो. कोणता कळप कुठे बसतो हे तुम्हाला ठाऊक असतं, त्या कोपऱ्याच्या पन्नास पावलं आधीच रस्ता ओलांडा. रात्री उशिरा त्यांची हालचाल वाढते, म्हणून शेवटची फेरी दहाच्या आत. अंगावर आली तर पळू नका, कुत्र्याला खांद्यावर उचलू नका, दोरी ताणू नका. त्यांच्या दिशेला मूठभर खाऊ जमिनीवर फेका आणि तिरके चालत निघून जा. गल्लीला रोज खायला घालणारे कोणी असतील तर त्यांच्याशी ओळख करून घ्या. कळपातल्या स्वभावांची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नसते.

उन्हाळ्यात डांबरावर हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही.

पायरी 7: दारातले पाहुणे आणि लिफ्ट

बेल वाजली की उडी. आजोबांच्या हातात काठी, हाताला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे जरा लागलं की काळंनिळं. यावर समजावणं चालत नाही. दारामागे खुंटीला दोरी लटकवा. बेल वाजली की आधी दोरी, मग दार. पाहुण्यांना सांगा: चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा. ‘असू दे हो, मला आवडतात कुत्री’ म्हणणारे पाहुणे शिकवणीवर पाणी फिरवतात, त्यांना दहा मिनिटं बसू द्या आणि कुत्रं नंतर आणा.

पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर ती खरी आहे असंच समजा आणि दार ओढून घेऊन बाहेर या. लिफ्टमध्ये कोपऱ्यात बसवा, तुम्ही मध्ये उभे राहा. कोणी नको म्हटलं तर पुढची लिफ्ट घ्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, पण त्याच सूचना मालकांना दोरी आणि स्वच्छतेची जबाबदारीही देतात. महापालिकेचा परवाना काढलेला असला की वाद लवकर मिटतो.

पायरी 8: भीतीचा दुसरा फेरा

साधारण सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान बरीच कुत्री अचानक घाबरू लागतात. रोजची कचऱ्याची गाडी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, रंगवलेली भिंत. ओढत नेऊन ‘बघ, काही नाही’ दाखवू नका. जिथून त्याला ती वस्तू दिसते पण खाऊ खाता येतो, ते अंतर शोधा. तिथे उभे राहा, खाऊ द्या, निघा. उद्या एक पाऊल पुढे. खाऊ नाकारला म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती ‘पक्की’ होते, हे खरं नाही. येऊन चिकटलं तर हात ठेवा.

आपल्याकडे या वयात हमखास गणपती आणि दिवाळी येतात. ढोल-ताशाचा सराव मिरवणुकीच्या कितीतरी आधी सुरू होतो, म्हणून तयारीही जुलैपासून करा. फोनवर ढोलाचा, फटाक्यांचा आवाज अगदी हलका लावून जेवण द्या. कान टवकारेल आणि परत खाईल, इतकाच आवाज. आठवड्या-दोन आठवड्यांत थोडा थोडा वाढवा. प्रत्यक्ष दिवाळीत फिरायला दुपारी न्या, संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आतल्या खोलीत पलंगाखाली जागा. खूप थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून भीतीवरचं औषध आधीच लिहून घ्या आणि एखाद्या साध्या दिवशी देऊन बघा. माणसाची झोपेची गोळी देऊ नका. फटाक्यांच्या दिवसांत कुत्री सर्वांत जास्त हरवतात, तेव्हा पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला.

पायरी 9: माज, खुणा, नसबंदी

मादी पहिल्यांदा माजावर सहाव्या महिन्यापासून कधीही येऊ शकते, मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षानेही. माज दोन-तीन आठवडे चालतो. रक्त कमी झालं की लोकांना वाटतं संपलं, आणि गर्भ राहण्याचा काळ नेमका तोच. तोपर्यंत गच्चीवरही एकटी सोडू नका.

नर पाय वर करून सोफ्यावर खुणा करायला लागला तर त्या जागा एन्झाइमवाल्या द्रवाने धुवा. फिनेलने आपल्याला वास जातो, त्याला नाही. खोल्या पुन्हा बंद करा आणि बाहेर जास्त वेळा न्या. नसबंदीने भटकणं आणि खुणा कमी होतात. भीतीपोटी भुंकणं किंवा दोरी ओढणं त्याने जात नाही. वेळेबद्दल जात बघून डॉक्टरांशी बोला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे आजार जास्त आढळले. लहान जातींत तसा फरक दिसला नाही.

वयाच्या नावावर खपवू नये असं काही

भांड्याजवळ गेल्यावर अंग ताठ होणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, ओठ उचलणं, लहान मुलांकडे टक लावून बघणं, चावून रक्त काढणं: याला ‘मोठं झालं की जाईल’ म्हणू नका. भांडं हिसकावून ‘धडा’ शिकवू नका. मुलं आणि कुत्रं यांच्यामध्ये दार ठेवा आणि वर्तनावर काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा. चावा बसला तर कुत्र्याची लस झालेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

जाणकार येण्यापूर्वी एक वही ठेवा. कधी घडलं, आधी काय चाललं होतं, कोण किती लांब होतं, आदल्या रात्री झोप झाली होती का, शेवटचं कधी खाल्लं होतं. मोबाइलवर एखादा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम, पण तो मिळावा म्हणून कुत्र्याला मुद्दाम चिडवू नका.